यजमानाने लपवलेल्या चपला

माझ्या हातून आजवर एकच खलनायक जमला, आणि तोही मी चोरून आणला होता. ज्यांच्यासमोर ती चोरी उघडी पडली त्या चार-सहा माणसांखेरीज ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आता केस पांढरे झाले. सांगून टाकतो.

गोवा घटक राज्य होण्याच्या आगेमागेची ती वर्षं. मी डिचोलीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि मुळगावला दादा-वयनीकडे राहत होतो. पुस्तकात वहिनी लिहितात. आमच्या तोंडात वयनीच. दादा खाणीवर डंपर चालवायचा आणि संध्याकाळी भुवयांपासून टाचांपर्यंत लाल होऊन घरी यायचा. घराच्या बाजूच्या खोलीत कोल्हापूरकडचा एक फिटर भाड्याने राहत होता. तो खाणीच्याच वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि जेवायला आमच्यातच असायचा. घरात एवढी चार माणसं. आईवडील लवकर गेले. वयनी लग्न होऊन पेडण्यातल्या चोपड्याहून आमच्या घरी आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि त्या दिवसापासून माझं ताट तिनेच वाढलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते किती वाईट होतं याचा अंदाज येईल.

मला विज्ञानकथा लिहायचं वेड होतं. कचेरीत रजिस्टरखाली कोरे कागद सरकवून मी अंतराळयानं उडवायचो. यानं बरी उडायची. घोडं अडायचं ते खलनायकापाशी. माझा पहिला खलनायक सात डोळ्यांचा होता. सुळे बाहेर, पोट सुटलेलं, आणि दर वाक्यानंतर गडगडाटी हसायचा. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती कथा साभार परत पाठवली. सोबत दोन ओळी होत्या: ‘यान चांगले आहे. खलनायकाला कोणीही भिणार नाही.’

मी ते पत्र जेवताना वाचून दाखवलं.

“भिणार कसे?” दादा म्हणाला. “अरे, हा आमचा नरकासूर. फक्त त्याला तू यानात बसवलास.”

खरंच होतं ते. दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे गावोगाव कागदाचे नरकासूर जाळतात. लहानपणापासून मी तेच करत आलो होतो. आत सुकं गवत, वर रंग, झाला खलनायक.

“सात डोळं कशाला पायजेत सायेब?” फिटर म्हणाला. “आमच्या फोरमनला दोनच हायत. सगळं वर्कशॉप चळाचळा कापतंय.”

वयनी त्याच्या पानात भात घालत म्हणाली, “आधी जेवा सगळे. खलनायक काय पळून जात नाही.”

मग मी दुष्ट माणसं शोधायला लागलो. आमचे हेडक्लार्क एका सहीसाठी लोकांना तीन-तीन हेलपाटे घालायला लावायचे. त्यांच्यावर मी बरेच दिवस नजर ठेवली. एके दिवशी ते मधल्या सुट्टीत कचेरीमागे लंगड्या कुत्र्याला बिस्किटं भरवताना दिसले आणि माझा खलनायक गेला. वयनीच्या माहेरी जाताना चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीचा एक खलाशी होता. आपण दहा पावलांवर असताना तो बोटीची फळी वर घ्यायचा. त्याच्याकडून मला फार आशा होती. पण फळी वर घेतल्यावर तो इतक्या दुःखी चेहऱ्याने आपल्याकडे बघायचा की आपल्यालाच वाटायचं, बिचाऱ्याला आपण त्रास दिला. कालचे पाव आजचे म्हणून विकणारा पदेर होता, पण एवढ्या भांडवलावर आकाशगंगा काबीज करता येत नाही. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांत खलनायकांची टंचाई होती.

आणि भाषेचा वाद वेगळाच. राज्याची भाषा कोकणी की मराठी, यावरून माणसं एकमेकांच्या घरी चहा घेईनाशी झाली होती. आम्ही घरात बोलायचो एक आणि लिहायचो दुसरं, आणि त्यात काही विचित्र आहे हे तोवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझा खलनायक मराठी बोलला असता तर एक बाजू तुटून पडली असती, कोकणी बोलला असता तर दुसरी. त्यामुळे मी त्याला फार बोलू न देण्याचं ठरवलं. दुष्टाने कमी बोलावं हा धडा मला साहित्यातून मिळाला नाही, भीतीतून मिळाला.

अशातच एका रविवारी भर दुपारी मराठीच्या बाजूचा एक तरुण कार्यकर्ता सह्या गोळा करायला आला. काखेत फाइल, कपाळावर आठी.

“बसत नाही,” तो दारातूनच म्हणाला. “पाच मिनिटांचं काम आहे.”

“बस म्हटलं कोणी तुला?” वयनी म्हणाली. “पाणी तरी पिशील?”

पाण्यामागून एका कोपात सोलकढी आली. कोप म्हणजे आमच्याकडचा काचेचा पेला. तो पेला खाली ठेवेपर्यंत वयनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. एका हातात पळी, दुसऱ्या हाताच्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारत.

“बांगड्याचं हुमण आत्ता उतरलंय. वास आला ना? वास घेऊन गेलास तर पोटात दुखेल तुझ्या.”

“नको, खरंच नको.”

“वायच. चवीपुरतं.”

तो घाईने उठला आणि दाराशी गेला. चपला जागेवर नव्हत्या. त्या कुठे होत्या हे मला माहीत होतं. पाहुणा जेवल्याशिवाय जाणार असं दिसलं की वयनी त्याच्या चपला पडवीतल्या वेताच्या पाटीखाली घालायची. तो गोंधळून परत फिरला, तोवर पान मांडून झालं होतं. तीन वेळा भात घेतला त्याने. पहिल्या घासाला त्याच्या कपाळावरची आठी गेली, दुसऱ्या वाढपाला त्याचे खांदे खाली आले, आणि नंतर तो सोप्यावर तोंड उघडं टाकून झोपला. चार वाजता हसतमुखाने निघून गेला. सह्या राहिल्या. फाइलही राहिली.

पुढच्या रविवारी कोकणीच्या बाजूचा आला. हा वयाने मोठा, आवाजाने भारी. त्याला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. जेवता जेवता त्याची नजर जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवलेल्या फाइलीवर गेली.

“ही कुणाची?”

“तुझ्या आधी जेवून गेला त्याची,” वयनी म्हणाली. “मातशी कढी घे.”

त्यानेही कढी घेतली, तोही झोपला, आणि त्याचेही कागद राहिले. खिडकीतून वाऱ्याने उडू नयेत म्हणून वयनीने दोन्ही बाजू एकावर एक ठेवल्या आणि वर लोणच्याची बरणी ठेवली. त्या वर्षात दोन्ही पक्ष एका बरणीखाली शांतपणे नांदलेले मी फक्त आमच्या घरात बघितले.

त्या बरणीकडे बघतानाच मला माझा खलनायक सापडला. सात डोळ्यांना जे जमलं नसतं ते एका पळीने केलं होतं. तावातावाने आलेली माणसं आपलं काम विसरून, चपला विसरून, समाधानाने घोरत पडली होती. यांच्याकडून आता कुणी काहीही काढून घेतलं असतं. मला आनंदाने घाम फुटला.

त्याच आठवड्यात मी कथा लिहिली. दूरच्या एका ग्रहावर एक यजमान राहतो. त्याला नाव नाही, सगळे यजमानच म्हणतात. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक यानाचं तो स्वागत करतो, आपल्या हाताने वाढतो, आणि फक्त म्हणतो, ‘थोडंसंच. चवीपुरतं.’ प्रवासी उठायला लागले की त्यांची पादत्राणं सापडत नाहीत. त्यांची यानं गंजून जातात आणि ते सुखाने झोपा काढतात. यजमानाला मी वयनीचं मनगट दिलं, पळी दिली, दारात उभं राहण्याची ढब दिली. फक्त मिशा दिल्या माझ्या पदरच्या.

तरी काहीतरी कमी होतं. हा माणूस एवढं का वाढतो? कथेत त्याचं उत्तर नव्हतं, आणि त्याशिवाय यजमान नुसता आचारी वाटत होता. उत्तर माझ्याकडे होतं. तिथेच मी घसरलो.

आमच्याकडे जेवताना पहिल्यांदा विचारलं की कुणीही हो म्हणत नाही. पहिला नकार रीत म्हणून, दुसरा लाज म्हणून. तिसऱ्या खेपेला वाढणाऱ्याने हात बघायचा. पानावर तळवा घट्ट आडवा धरला असेल तर नकार खरा. बोटं फाकलेली असतील तर त्या फटींतून वाढायचं. वयनीला हे कळायचं तसं कुणालाच कळायचं नाही. आमच्या घरात विचारल्याबरोबर “वाढा की वैनी” म्हणणारा एकच माणूस होता, तो फिटर, आणि आम्ही त्याला मनातून थोडा अडाणी समजायचो.

एकदा तिसऱ्या निवडताना वयनीने मला एक गोष्ट सांगितली होती. ती नऊ वर्षांची असताना तिला नातेवाइकांसोबत तेरेखोलला एका लग्नघरी धाडलं होतं. आईने बजावून पाठवलं, दोनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. त्या घरात सगळी गडबड. वाढणाऱ्या बायका एकदाच विचारून पुढे जायच्या. पोर नको म्हणाली की पळी पुढच्या पानावर. तीन दिवस ती कच्च्या चिंचा खाऊन राहिली. परत येताना होडीत चक्कर येऊन पडली तेव्हा सगळे म्हणाले, पोर नाजूक आहे. आईला वाईट वाटेल म्हणून तिने घरी कधी सांगितलं नाही.

“तुझ्या दादालासुद्धा नाही सांगितलं,” ती म्हणाली होती. “तू कुणाला बोलू नको. पण त्या होडीतच मी ठरवलं, माझ्या दारातून नुसत्या ‘नको’वर कोणी जाणार नाही.”

मी कुणाला बोललो नाही. लिहिलं. लग्नघराच्या जागी परका ग्रह घातला, चिंचांच्या जागी निळी कडू फळं, होडीच्या जागी यान. नऊ वर्षांचा यजमान तीन दिवस उपाशी. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं, डोळे भरून आले म्हणजे आपण चांगलं काहीतरी करतोय.

संपादकांचं पोस्टकार्ड आलं: ‘कथा घेत आहोत. खलनायक अंगावर येतो. विशेषतः त्याचे बालपण.’ मी ते कार्ड घरात फक्त पहिल्या दोन वाक्यांपर्यंत वाचून दाखवलं.

अंक दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. मी कचेरीत होतो. पोस्टमनने तो फिटरच्या हातात दिला आणि त्याने तो आधी वाचून काढला.

दिवाळीच्या सकाळी आमच्याकडे एकमेकांच्या घरी पोहे खायला जातात. ताकातले, गुळखोबऱ्याचे, दुधातले, फोडणीचे, प्रत्येक घरी चार-पाच तऱ्हा. शेजारचं कुटुंब आलं होतं. वयनी नवं लुगडं नेसून मधोमध बसली होती, भांडी समोर घेऊन.

“वाच,” ती मला म्हणाली. “पुस्तकात नाव छापून आलं आमच्या पोराचं. सगळ्यांना ऐकव.”

मी म्हटलं, लांब आहे, पोहे गार होतील. ती म्हणाली, पोहे गारच असतात. मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता बदलायला लागलो. पळीच्या जागी यंत्र म्हणालो. मनगटाचं वाक्य गाळलं. पादत्राणांच्या ठिकाणी म्हणालो, “आणि त्यांची शिरस्त्राणं नाहीशी झाली होती.”

“शिरस्त्राणं न्हवं सायेब,” कोपऱ्यातून फिटर म्हणाला. “पादत्राणं लिवलंय. चपला. यजमान चपला लपवतोय की!”

शेजारची बाई फिस्सकन हसली. दादा पडवीतल्या पाटीकडे बघून मोठ्याने हसला. वयनीने डोळे बारीक केले.

“मेल्या, मी होय खलनायक?” ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त तीच हसली. “मिशा कशाला दिल्यास मग? वाच, वाच पुढे.”

तेवढ्यावर सुटलो असतो. मी हळूच दोन पानं एकदम उलटली.

“एक पान ऱ्हायलं,” फिटर म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला कथा खरंच आवडली होती. “त्येच तर खरं हाय. आणा हिकडं.” आणि त्याने अंक माझ्या हातातून घेतला आणि खड्या आवाजात वाचलं. नऊ वर्षांचा पोरगा. दोनदा नको. पुढे गेलेली पळी. तीन दिवस. नाजूक आहे म्हणणारी माणसं.

दूधपोह्यांवर वयनीचा हात थांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही. दादा म्हणाला, “हे बरं सुचलं रे तुला!” वयनी उठून आत गेली.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. ती भांडी विसळत होती.

“तेरेखोलचं नाव नाही ना घातलंस?”

“नाही. ग्रह आहे तो.”

“बरं केलंस,” ती म्हणाली.

त्या दुपारी जेवताना तिने विचारलं, “भात?” मी रीतीप्रमाणे म्हणालो, “नको.” पळी दादाच्या पानाकडे गेली. दादाही म्हणाला, “नको.” पळी फिटरकडे गेली.

“वाढा की वैनी!”

त्याला वाढून तिने टोपावर झाकण ठेवलं.

मला वाटलं, आजचा दिवस राग असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती रागावलेली दिसत नव्हती. कपडे वेळेवर धुतलेले, पाणी तापलेलं, बोलणं गोड. एकदाच विचारायची आणि आमचा शब्द प्रमाण मानायची. माझी बोटं पानावर फाकून फाकून दुखायला लागली. ती हाताकडे बघतच नव्हती.

आमची दैना झाली. मी डिचोलीच्या बाजारात उभं राहून चोरून उंडे, म्हणजे गोल पाव, खायला लागलो. दादाचा कमरेचा पट्टा एका भोकाने आत गेला. फिटरचं मात्र गालफड भरलं.

“तुझ्या त्या यानात मला घाल आणि यजमानाकडे सोड,” दादा एकदा पडवीत कुजबुजला. “तिथे तरी पोटभर मिळेल. नेमकं केलंस तरी काय तू हिला?”

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेच पाप दुसऱ्यांदा झालं असतं.

“हो म्हणा की राव,” फिटर म्हणायचा. “एका अक्षराचं तर काम हाय.”

पण ते अक्षर यायचं नाही. बसमध्ये मी मनात म्हणून बघायचो, वाढ, वाढ, वाढ. पानावर बसलो की जीभ आपोआप नको म्हणून मोकळी. तेव्हा मला तेरेखोलची ती पोर पहिल्यांदा कळली. तिच्यावर दीड पान लिहिताना नव्हती कळली. उपाशीपणाचं तेवढं विशेष नाही. उंडे मिळत होते. आपल्याला भूक आहे हे समोरच्याला दिसतंय की नाही, हेच कळत नाही, आणि विचारताही येत नाही, दुःख त्याचं आहे सगळं. बारा दिवसांत मला वाटायला लागलं की वयनीला मी आता दिसत नाही. आईनंतर मला बघणारं तेवढंच एक माणूस होतं.

बाराव्या की तेराव्या सकाळी मी कचेरीला जाण्याआधी पेज घेत होतो. दादा पहिल्या पाळीला गेला होता, फिटरही. उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याचा खिस. वाटी संपली.

“आणखी?” वयनीने विचारलं.

“नको,” मी म्हणालो. ती वळली. मग माझ्या तोंडून निघालं, “वयनी, मला भूक लागलीय. दिवाळीपासून लागलीय.”

ती पळी घेऊन थांबली. “मग नको कोण म्हणत होतं?”

“तूच शिकवलंस ना लहानपणी? दोनदा नको म्हणायचं म्हणून?”

“ते दुसऱ्याच्या घरी म्हणायला शिकवलं होतं,” ती म्हणाली. “हे दुसऱ्याचं घर आहे?”

मी वाटीकडे बघत म्हणालो, “चुकलं माझं.” कशाबद्दल ते मी बोललो नाही आणि तिने विचारलं नाही. नीट, नाव घेऊन माफी मी आजवर मागितलेली नाही. म्हणून तर हे लिहितोय.

तिने वाटी भरली. पुन्हा भरली. तिसऱ्यांदा पळी वर आली तेव्हा मी खरोखर तळवा घट्ट आडवा धरला.

“पुरे, वयनी. खरंच पुरे. बस चुकेल.”

“वायच,” ती म्हणाली. “चवीपुरतं.” आणि बोटांच्या फटी नव्हत्या तर तिने हातावरच ओतली.

मी हात धुतला, डबा घेतला आणि पळत दाराशी आलो. बसचा हॉर्न वळणावर ऐकू येत होता. चपला जागेवर नव्हत्या. मी पडवीत गेलो, पाटी उचलली. तिथेही नव्हत्या.

“वयनी! माझ्या चपला कुठे आहेत?”

“मला काय विचारतोस?” आतून आवाज आला. “तुझ्या यजमानाला विचार.”

बस थांबली, थोडा वेळ वाट बघितली आणि गेली. पुढची साडेनऊला होती. हेडक्लार्क ओरडणार होते. मी डबा जनेलात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला आणि परत पानावर जाऊन बसलो.